शेपटाची नारिंगी बंडी

“आजोबा, खरं खरं सांगा हं. तुम्ही हळू चालवता म्हणून सगळ्यांच्या मागे असता, की सगळ्यांच्या मागे असता म्हणून हळू चालवता?”

हा प्रश्न काही इशबेलच्या डोक्यातला नव्हता. शाळेच्या बसमध्ये शोना आणि ग्रेटा या तिच्या मैत्रिणींनी तिला पैजेवर चढवलं होतं, “हिंमत असेल तर विचार बघू!” गेल्या वर्षीची इशबेल असती तर कानापर्यंत लाल झाली असती आणि हेल्मेटची काच खाली ओढून गप्प बसली असती. पण यंदा तिला सोळा वर्षं पूर्ण झाली होती आणि नुकताच कंठ फुटला होता. त्यामुळे शनिवारी सकाळी, ओबनच्या धक्क्यावर, अख्ख्या मोटारसायकल क्लबासमोर तिने तो विचारून टाकला.

सगळे हसले. आजोबाही हसले.

“अगं, पुढच्याला नुसता रस्ता दिसतो,” ते म्हणाले. “मला तुम्हा सगळ्यांच्या पाठी दिसतात. कोण कुठे बसून आलंय तेसुद्धा कळतं. तुझ्या पप्पाच्या सीटवर काल कोंबडी बसली होती वाटतं.”

इशबेलच्या पप्पांनी, म्हणजे रॅनल्डने, झटकन उठून मागे हात फिरवला आणि पुन्हा हशा पिकला.

मित्रांनो, लाखलन आजोबा हसले तेव्हा मीही गदगदा हलले, कारण मी त्यांच्या अंगावरच होते. मी एक जुनी नारिंगी बंडी आहे. बिनबाह्यांची, छातीवर दोन चंदेरी पट्टे असलेली, उजव्या खिशाचा कोपरा उंदराने खाल्लेली. पण माझ्या या रूपावर जाऊ नका. माझा जन्म समुद्रावर झालेला आहे.

मी आधी एक शीड होते. रोजचं मोठं पांढरं शीड नव्हे, तर वादळी शीड. बाकीची शिडं गुंडाळून ठेवायची वेळ आली की मला बाहेर काढायचे. आकाराने छोटं, कापड जाड, आणि रंग असा भडक की उंच लाटांमधूनही दुसऱ्या बोटीला दिसावा. छान दिवशी माझं तोंड कुणी पाहत नसे. वादळ आलं की मात्र सगळे माझंच नाव घ्यायचे! पुढे ती बोट म्हातारी झाली, मोडीत निघाली, आणि मी लाखलनच्या बायकोच्या, पेगीच्या, हाती आले.

पेगीने मला कापलं ते एका माणसासाठी. क्लबाच्या एका सहलीत तो माणूस वाटेतच गाडीसकट ओढ्यात घसरला आणि संध्याकाळ होईपर्यंत कुणाला पत्ताच नाही. जो तो समजत होता, तो आपल्या मागून येतोय. वाचला बिचारा, पण पेगी भडकली. “तुम्हा पुरुषांना पुढचा कोण ते पाठ असतं, शेवटचा कोण ते एकालाही माहीत नाही!” असं म्हणून तिने शिवणाचं यंत्र पुढ्यात ओढलं. माझं कापड शिवताना तिच्या कितीतरी सुया मोडल्या. दर सुईला ती लाखलनकडे रागाने बघायची, जणू त्यानेच मोडली.

तेव्हापासून आमच्या क्लबाची रीत अशी. सगळ्यांच्या पुढे म्होरक्या. रस्ता फुटला की म्होरक्या हाताने रस्त्याच्या कडेला बोट दाखवतो आणि त्याच्या पाठोपाठची गाडी तिथेच थांबते. मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो थांबलेला माणूस वाट दाखवतो. आणि सगळ्यांच्या शेवटी, मला घालून, येतं ते शेपूट. हो, शेपूटच म्हणतात! नारिंगी शेपूट गेलं की थांबलेला माणूस निघायला मोकळा. त्याआधी त्याने जागा सोडायची नाही. विजा कडाडोत, गारा पडोत, राजा येऊन बोलवो.

शिवाय पेगीने आणखी एक नियम घालून ठेवला होता. जेवणाच्या थांब्यावर ज्याला वाटेल त्याने मला उतरवून दुसऱ्याच्या अंगावर चढवावं. शेवटी राहण्याचं ओझं एकट्यावर नको. म्हणून नव्या माणसाला शिकवताना लाखलन नेहमी म्हणायचे, “चेहरा ओळखू नकोस, गाडी ओळखू नकोस. बंडी ओळख.”

काय दिवस होते ते! माझ्यासाठी भांडणं व्हायची. मी एकदा एका नवऱ्या मुलाच्या कोटावर चढून लग्नाला गेले. एकदा दरीत पडलेल्या मेंढीच्या पिल्लाला माझ्यात गुंडाळून गावात आणलं, आणि त्या पिल्लाने माझं काय केलं ते मी सांगणार नाही. समोरून येणारी शाळकरी पोरं गाड्यांची रांग बघताना मला शोधायची, आणि मी दिसले की “संपली, संपली!” म्हणून टाळ्या वाजवायची. शेवटचं असून टाळ्या मिळवणारं दुसरं कुणी असेल तर दाखवा मला!

मग हळूहळू गाड्या वेगवान झाल्या आणि माणसांना मागे राहायचा कंटाळा येऊ लागला. जेवणाच्या थांब्यावर लोक मला बघून बुटांच्या नाड्या बांधायला वाकायचे. कुणी तोंडदेखलं “मी घेऊ का?” विचारायचं आणि लाखलन “राहू दे” म्हणाले की सुटकेचा निःश्वास टाकायचं. त्यात पेगी गेली. त्यानंतर तर लाखलन मला फारच जपू लागले. सहल संपली की मऊ कागदात गुंडाळून फळीवर ठेवायचे, उन्हात वाळत घालायचे नाहीत, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तो उंदीर त्याच कागदात आला. जपण्यातही माणसं कशी चुकतात, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तर, त्या शनिवारी.

त्या दिवशी इशबेलची आई ऊना पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीवर सहलीला निघाली होती. उन्हाळ्यात तिला लायसन्स मिळालं होतं. इशबेल मात्र पप्पांच्या मागेच बसली, कारण रॅनल्ड म्होरक्या होता. “तुझं लायसन्स येऊ दे,” तो लेकीला म्हणायचा, “मग तू माझ्या लगेच मागे. दोन नंबर! अख्खा क्लब आपल्या दोघांच्या पाठीमागे.” ते ऐकून इशबेलची मान ताठ व्हायची.

निघताना ऊना लाखलनजवळ आली. लाखलन तिचे वडील. “बाबा, आज तरी जेवल्यावर बंडी दुसऱ्या कुणाला द्या. गुडघा बघा तुमचा. गाडीवरून उतरताना देवाचा धावा करता.”

“बघू,” आजोबा म्हणाले.

“तुमचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’.”

“मग विचारतेस कशाला?”

कोरानच्या फेरीबोटीवर चढलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. पलीकडे उतरून सगळ्यांनी भिंतीच्या आडोशाला मसुराचं गरम सूप प्यायलं, तोवर पाऊस मुसळधार झाला. वाराही सुटला. लाखलन गाडीवर चढायला गेले आणि कर्रर्र! माझ्या डाव्या खांद्याची शिवण उसवली. पेगीच्या हातची शिवण.

आजोबांनी बोटाने ती चाचपली. आता ती शिवण पुन्हा घालणारं घरात कुणी नव्हतं. वाऱ्याने उरलेलीही फाटेल, या भीतीने त्यांनी काय केलं माहीत आहे? गाडीच्या पेटीतून काळा रेनकोट काढला, माझ्यावरून चढवला आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. “तू आत ऊबेला राहा गं,” असं पुटपुटले. ते माझ्याशी बोलले की पेगीशी, मला आजही ठाऊक नाही.

मित्रांनो, वादळात बाहेर काढायची गोष्ट वादळातच आत गेली.

बाकी सगळे आपापल्या टोप्या, मोजे आणि शिव्या सांभाळण्यात गर्क. कुणाचंच लक्ष गेलं नाही.

सॅलनला एक तिठा आहे. डावीकडचा रस्ता किल्होअनला जातो, जिथे आमचा मुक्काम होता. तिथे रॅनल्डने रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं. पाठीमागे नेमकी ऊना होती. तिचा पहिलाच तिठा! पुढचं मी तिच्याच तोंडून नंतर ऐकलं. ती पाय रोवून उभी राहिली, एकेका गाडीला डावीकडे हात दाखवू लागली. शेवटी वडिलांची गाडी आली. ऊनाने पाहिलं तर अंगावर काळा रेनकोट. तिला इतका आनंद झाला! ‘उतरवली म्हणायची एकदाची! ऐकलं बाबांनी माझं!’ तिने दोन्ही हात उंच करून हलवले. आणि पुन्हा पाय रोवून उभी राहिली, नारिंगी शेपटाची वाट बघत.

इकडे मी काळ्या कोटाच्या आत. मला आजोबांचा हॉर्न ऐकू आला, दोनदा. ऊनाचं “बाबाऽऽ!” ऐकू आलं. तिच्या गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज मात्र आला नाही. मी ओरडले असते हो! पण बंडीला दिसता येतं, ओरडता येत नाही. आणि त्या घडीला मला तेही येत नव्हतं.

आजोबांनी हात हलताना पाहिले आणि समजले, निघाली लेक. थोड्या वेळाने त्यांनी आरशात पाहिलं. पावसाच्या पडद्यामागे एकच दिवा लुकलुकत होता. “शाब्बास ऊना,” ते म्हणाले. तो एकपदरी रस्ता समुद्राच्या काठाकाठाने नुसता वळत राहतो. प्रत्येक वळणानंतर आजोबा आरशात बघायचे, दिवा असायचा. जीव भांड्यात पडायचा.

किल्होअनच्या खानावळीच्या अंगणात आमची गाडी शिरली. पाठोपाठ तो दिवाही शिरला. आजोबा वळून “कशी वाटली वाट?” म्हणायला गेले, तर समोर मासळीची व्हॅन! तिचा एक डोळा फुटलेला होता. आतून एक दाढीवाला उतरला आणि म्हणाला, “वाट नेहमीचीच. बांगडे कुठे ठेवू?”

“ऊना कुठाय?” रॅनल्डने विचारलं.

फोनला तिकडे कधीच रेंज नसते, आणि वाऱ्याने खानावळीच्या फोनची तारही आडवी झाली होती.

मर्डो हा आमच्या क्लबाचा अध्यक्ष. मनाने वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. “परत गेली असेल,” तो म्हणाला. “नवीन आहे, पावसाला घाबरली असेल. आत्ता फेरीबोटीत चहा पीत बसली असेल बघ.”

“पण तिने मला हात केला होता,” आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज भलताच बारीक झाला होता. “दोन्ही हात. हसत होती.” त्यांनी कोटाची चेन खाली ओढली.

आणि मी दिसले.

अंगणातल्या तेवढ्या माणसांमध्ये एकट्या इशबेलचे डोळे विस्फारले. “आजोबा! बंडी आत होती? तिठ्यावर पण आतच होती?”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

“मग आई परत गेलेली नाही,” इशबेल म्हणाली. “आई उभी आहे.”

“उभी?” मर्डो म्हणाला. “अगं, इतक्या पावसात? वडिलांना जाताना बघितलंय तिने. काय वेडी आहे का?”

“चेहरा ओळखू नकोस, गाडी ओळखू नकोस, बंडी ओळख. आजोबांनीच शिकवलंय तिला. आठवडाभर स्वयंपाकघरात घोकत होती, बटाटे सोलताना! तिला वाटलं असेल बंडी दुसऱ्याकडे गेली. काका, तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. ती उभीच आहे.”

मित्रांनो, ही तीच मुलगी बरं का, जी गेल्या वर्षी दुकानात सुटे मागायलाही आईच्या मागे लपायची.

आजोबा पुन्हा गाडीवर चढू लागले, पण गुडघा वाकेना. रॅनल्डने आपली गाडी आधीच वळवली होती. “इशबेल, तू थांब इथे, भिजशील.”

“तुम्ही म्होरक्या; नुसतं तुम्हाला बघून ती हलणार नाही, पप्पा, मागे बंडी हवी. आजोबा, बंडी द्या.”

आजोबांनी मला काढलं. क्षणभर त्यांची मूठ माझ्या उसवलेल्या खांद्यावर घट्ट राहिली. “फाटेल गं,” ते म्हणाले.

“फाटू दे!” इशबेल म्हणाली, आणि तिने मला आपल्या रेनकोटाच्या वरून घातलं.

अहो, काय सांगू! कितीतरी दिवसांनी माझ्या अंगावर खरा पाऊस पडला. वारा खांद्यात शिरून शिवण आणखी उसवत होता, टराटरा आवाज येत होता, आणि मी फडफडत होते, अगदी शिडासारखी. इशबेल पप्पांच्या पाठीला चिकटून “अजून जोरात!” म्हणत होती आणि रॅनल्ड ओरडत होता, “खड्ड्यात गेलो तर आपल्याला न्यायला कोण येणार?” त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. ज्या बोटाने त्याने बायकोला तिथे थांबवलं होतं, ते बोट हँडलवर पांढरंफटक पडलं होतं.

तिठा दिसला. आणि तिठ्यावर ऊना!

ओठ निळे, बुटांत पाणी, हातात कुणाच्या तरी घरचा वाडगा. शेजारी एक मेंढी आडोसा समजून तिलाच टेकलेली. समोरच्या घराच्या दारात एक बाई हात कमरेवर ठेवून उभी होती. आम्हाला बघताच ती बाई कडाडली, “तुमची आहे का ही? आत ये म्हणून घसा कोरडा पडला माझा! सूपसुद्धा रस्त्यात उभं राहून प्यायली. मेंढीला अक्कल आहे, हिला नाही!”

ऊनाने आम्हाला येताना पाहिलं. आधी तिची नजर रॅनल्डवर गेली, पण ती हलली नाही. मग मी दिसले. तेव्हा कुठे तिने वाडगा खाली ठेवला आणि मटकन दगडावर बसली.

“शेवटचा कोण होता?” तिने पहिलं हेच विचारलं. दात वाजत होते. “पडला का? लागलंय का त्याला? मला वाटलं, कुणीतरी खड्ड्यात असेल, उठून येईल, आणि मी गेलेली असेन तर त्याला वाट कोण दाखवेल?”

“आई, कुणीच नव्हतं गं मागे. शेवटचे आजोबाच होते. बंडी कोटाच्या आत होती.”

ऊनाला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. “म्हणजे त्यांनी नाहीच ऐकलं माझं,” ती म्हणाली. इशबेलने तिला मिठी मारली. मी दोघींच्या मध्ये चेपले गेले. खारट पाणी मला समुद्रापासून ओळखीचं आहे, त्यामुळे त्यातलं पावसाचं किती आणि दुसरं किती, ते मला लगेच कळलं.

आम्ही किल्होअनला परतलो तेव्हा आजोबा अंगणाच्या फाटकाशी भिजत उभे होते. आतून लोक हाका मारून दमले होते.

“बाबा, आत चला!” ऊना गाडीवरूनच ओरडली.

“शेवटचा आल्याशिवाय हलायचं नाही,” आजोबा म्हणाले, आणि लेकीच्या ओल्या हेल्मेटवर त्यांनी कपाळ टेकवलं.

संध्याकाळी शेकोटीपाशी बसून इशबेलने माझा खांदा शिवला. खानावळीत नारिंगी दोरा नव्हता, म्हणून निळ्याने. पेगीचे टाके म्हणजे शिस्तीत निघालेल्या मुंग्या. इशबेलचे टाके म्हणजे त्याच मुंग्या, जत्रेतून परतलेल्या! आजोबा बघत होते. ते एवढंच म्हणाले, “पेगीने बोट टोचून घेतलं की ती मला शिवी द्यायची. तूही दे, चालेल.”

रविवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर मर्डोने घसा खाकरला. झालं ते बरं झालं नाही, असं तो मनापासून म्हणाला. आता सगळ्यांच्या फोनमध्ये नकाशे आहेत, लाखलननाही विश्रांती हवी. तेव्हा बंडीला मानाने निरोप द्यावा, छान काचेची चौकट करून क्लबाच्या भिंतीवर टांगावी.

काचेची चौकट! मित्रांनो, माझ्या नव्या टाक्यांत धडकी भरली.

“त्यापेक्षा दुसरं कुणी घालेल का?” आजोबांनी हळूच विचारलं. टेबलाभोवती सगळ्यांना एकदम आपापल्या अंड्यांमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं दिसू लागलं.

मी खुर्चीच्या पाठीवर लटकत होते आणि मला तुम्हा सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. जुन्या वस्तूंवर माया करा, पण मऊ कागदात गुंडाळून, काचेत कोंडून नका करू. आमचे खांदे उसवू द्यात, खिसे फाटू द्यात. निळा दोरा असेल तर निळ्याने शिवा. आम्हाला कामाला लावा. आणि तुमच्या रांगेत सगळ्यांत मागे कोण आहे, ते अधूनमधून वळून बघत जा. तिथेही कुणीतरी तुमच्यासाठी भिजत उभं असतं.

पण मी पडले बंडी. बोलली ती इशबेल. ती उठली, तिने मला खुर्चीवरून उचललं, अंगात घातलं आणि आईपप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

“आई, पप्पा, मी ठरवलंय. परवानगी मागत नाहीये, सांगतेय. आजपासून मी आजोबांच्या मागे बसणार आणि बंडी माझ्या अंगावर असणार. त्यांनी हवा तो कोट घालावा. आणि लायसन्स मिळालं ना पप्पा, तरी तो दोन नंबर दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला शेवटचा हवाय.”